चिमूटभर हवेचा आवाज: इअरफोन सुधारण्याचा आणि घडवण्याचा छंद

कानाच्या आत शिरणारा, रबरी टिपांचा, वायरचा इअरफोन जवळ असेल तर तो जरा उजेडात धरा. कवचावर कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक दिसेल. कधी अशी दोन भोकंही असतात. आता इअरफोन कानात घाला, ढोलाचे भरदार ठोके असलेलं एखादं गाणं लावा आणि त्या भोकावर बोटाचं टोक हलकेच टेकवा. बहुतेक वेळा आवाज तिथल्या तिथे बदलतो. ठोका एकदम पोकळ होतो, नाहीतर उलट जाड होऊन घुमायला लागतो. बोट उचललं की सगळं पूर्ववत. गाणं तेच, तार तीच, आतलं यंत्रही तेच. बदलली ती फक्त त्या भोकातून ये-जा करणारी हवा.

हा छंद कशाचा आहे असं कुणी विचारलं तर मी आधी हा प्रयोग करायला सांगतो. इअरफोनची चर्चा निघाली की लोक ड्रायव्हरबद्दल, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या यंत्राबद्दल, बोलतात: व्यास किती, पडदा कशाचा, त्यावर लेप कोणता. ड्रायव्हर महत्त्वाचा आहेच. पण एकच ड्रायव्हर दोन निराळ्या कवचांत बसवला की दोन निराळे इअरफोन तयार होतात, इतके निराळे की डोळे मिटून ऐकणाऱ्याला ते एकाच ड्रायव्हरचे वाटणार नाहीत. ड्रायव्हरचं काम हवा हलवणं. ती हवा कुठे कोंडायची, कुठून सोडायची आणि कुठे तिची वाट अडवायची, हे माणूस ठरवतो. इअरफोन घडवणं म्हणजे मुख्यतः हेच ठरवणं.

दोन जाती आधी वेगळ्या करून घेऊ. एक जात कानाच्या बाहेरच्या वाटीत नुसती टेकून बसते. तिला इअरबड म्हणतात. सोनीने १९८२ साली या जातीचे इअरफोन बाजारात आणले आणि पुढची बरीच वर्षं 'इअरफोन' म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येत. दुसरी जात टिपेसकट कानाच्या नळीत शिरते आणि नळीचं तोंड बंद करते. ती इन-इअर. १९९१ साली आलेला एटिमोटिकचा ईआर-४ हा या जातीच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक, आणि त्याच्या आतला ड्रायव्हर मुळात श्रवणयंत्रांच्या जगातला होता. आजकाल बोलताना दोन्हींना सरसकट इअरबड म्हणतात. घडवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे दोन प्राणीच निराळे आहेत, कारण एकात कानाचं दार उघडं असतं आणि दुसऱ्यात बंद.

पडद्याच्या पुढची आणि मागची हवा

साध्या ड्रायव्हरला डायनॅमिक ड्रायव्हर म्हणतात. तो म्हणजे छोटासा लाउडस्पीकरच. पातळ प्लास्टिकचा पडदा, त्याला चिकटवलेली केसासारख्या तारेची गुंडाळी आणि तिच्या शेजारी चुंबक. गाण्याचा विद्युतप्रवाह गुंडाळीतून गेला की ती चुंबकाच्या क्षेत्रात पुढे-मागे सरकते आणि पडदा तिच्याबरोबर हलतो. पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा ताणली जाते. म्हणजे ड्रायव्हरला कायम दोन खोल्या असतात, एक पुढची आणि एक मागची. पुढच्या खोलीचं दार कानात उघडतं. मागची खोली म्हणजे कवचाचा उरलेला पोकळ भाग.

इन-इअरमध्ये पुढची खोली, टिप ज्यावर चढवतात ते नळकांडं, टिप आणि कानाची नळी मिळून एक बंद डबी होते. पडदा जरासा पुढे आला तरी डबीतला दाब वाढतो आणि तो थेट कानाच्या पडद्यावर पडतो. खर्जाचे सूर संथ असतात. बंद डबीत दाब कुठे पळू शकत नाही, म्हणून ते पूर्ण पोचतात. टिप नीट बसली नाही, कडेला केसाएवढी फट राहिली, की संथ दाब त्या फटीतून निघून जातो आणि खर्ज गायब होतो. वरचे सूर मात्र जवळपास तसेच राहतात, कारण त्यांचा दाब इतक्या भराभर उलटसुलट होतो की फटीतल्या हवेला हलायला सवड मिळत नाही. 'माझ्या इअरफोनला बेसच नाही' अशी तक्रार असलेल्यांना मी पहिल्यांदा मोठ्या मापाची टिप लावून बघायला सांगतो. बरेचदा काम तिथेच होतं.

आता सुरुवातीच्या भोकाकडे परत येऊ. भोक मागच्या खोलीचं असेल तर ते बंद केल्यावर तिथली हवा कोंडते, पडद्याच्या पाठीमागे गादीसारखी कडक होते, पडद्याला मोकळं हलता येत नाही आणि खर्ज कमी होतो. भोक पुढच्या खोलीचं असेल तर ती मुद्दाम ठेवलेली गळती असते. ती बंद केली की डबी पुरती बंद होते आणि खर्ज वाढतो. म्हणून बोट ठेवल्यावर आवाज कोणत्या बाजूला गेला यावरून भोक कोणत्या खोलीचं आहे ते ओळखता येतं, कवच न उघडता. पुढच्या भोकाचं आणखी एक काम असतं. इन-इअर कानात दाबून घालताना हवा कोंडते आणि पडदा मागे दुमडून कुरकुर आवाज येतो. ती हवा पुढचं भोक बाहेर सोडतं. म्हणून हे भोक कायमचं बुजवायच्या आधी विचार करावा.

इअरबडचा प्रश्न उलटा आहे. तिथे गळती हीच नेहमीची स्थिती. बंद डबी नाही, म्हणून संथ सुरांचा दाब टिकत नाही. त्याची भरपाई म्हणून पडदा मोठा घेतात. इअरबडचे ड्रायव्हर साधारण १४ ते १६ मिलिमीटरचे असतात, तर इन-इअरमध्ये ६ ते १० मिलिमीटरचा ड्रायव्हरही पुरतो. मग इअरबडवर फोमची टोपी चढवतात. ती कानाच्या वाटीत अंगासरशी बसते, कडेची गळती थोडी अडवते आणि खर्ज वाढवते. शिवाय पडद्यासमोरचा फोम वरचे सूर किंचित शोषतो. मध्ये भोक असलेला, कड्यासारखा फोम लावला तर गळती अडते, पण समोरची वाट मोकळी राहते. क्षुल्लक वाटणाऱ्या या दोन फोमांत आवाजाचा मोठा फरक आहे आणि तो फुकटात ऐकता येतो.

कानाची नळी स्वतःच एक वाद्य आहे

हा भाग कळला की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घालवू.

माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब असते. एका टोकाला ती उघडी, दुसऱ्या टोकाला कानाच्या पडद्याने बंद. एक टोक उघडं आणि एक बंद अशी कोणतीही नळी एका ठरावीक सुराला आपोआप मोठं करते; बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो तसं. अशा नळीचा सूर काढायला आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, नळीच्या लांबीच्या चौपटीने भागायचा. उत्तर ३,४०० हर्ट्झच्या आसपास येतं. प्रत्यक्षात बाहेरच्या वाटीमुळे नळी जरा लांब असल्यासारखी वागते आणि हा उंचवटा ३,००० हर्ट्झच्या जवळ किंवा किंचित खाली पडतो. म्हणजे आपण जन्मापासून जग ऐकतो ते या भागात दहा डेसिबलहून अधिक उंचवटा धरून. मेंदूला तेच 'नैसर्गिक' वाटतं.

इन-इअर घातला की नळीचं उघडं टोक बंद होतं. दोन्ही टोकं बंद झालेली नळी वेगळा सूर मोठा करते. तिचं गणित लांबीच्या दुपटीने भागून करायचं. टिप आत शिरल्यामुळे उरलेली लांबी २० मिलिमीटर धरली तर तो सूर साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास येतो, आणि टिप कमी खोल बसली तर आणखी खाली. म्हणजे इन-इअर दोन गोंधळ करून ठेवतो: ३,००० च्या आसपासचा सवयीचा उंचवटा काढून घेतो आणि ७,००० ते ९,००० च्या पट्ट्यात एक नवा, अनोळखी उंचवटा आणून ठेवतो. पहिली उणीव भरली नाही तर गायकाचा आवाज दूर, घोंगडीआडून आल्यासारखा वाटतो. दुसरी वाढ आवरली नाही तर 'स' आणि 'श' कानात टोचतात, झांजा खरखरतात.

टिप जरा खोल घातली की टोचणारा भाग वर सरकतो आणि अनेकदा त्रास कमी होतो, त्याचं कारण हेच. दोन मित्रांना एकच इअरफोन निराळा का ऐकू येतो, याचंही उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे. त्यांच्या नळ्यांची लांबी निराळी, टिपेची खोली निराळी. इअरफोनबद्दलची कितीतरी भांडणं या काही मिलिमीटरांची असतात.

सुधारणा: टिपेपासून टेपपर्यंत

आता हात चालवायला हरकत नाही. मी नवख्याला नेहमी बाहेरून आत जायला सांगतो. आधी टिपा. रुंद तोंडाच्या टिपेतून वरचे सूर मोकळे येतात, अरुंद तोंडाची टिप ते थोडे दाबते. फोमची टिप नळीचा आकार घेते, गळती उत्तम अडवते आणि वरचा काठ मऊ करते. टिपा बदलायला काही उघडावं लागत नाही, काही चिकटवावं लागत नाही, आणि मनासारखं झालं नाही तर जुनी टिप परत लावता येते.

त्यानंतर टेप. जखमेवर लावायची कागदी, सच्छिद्र मायक्रोपोर टेप या छंदातली फार लाडकी वस्तू आहे, आणि तसं असायला कारण आहे. तिच्यातून हवा जाते, पण घासत जाते. हवा घासली की उंचवट्यातली ऊर्जा थोडी खर्ची पडते. नळकांड्याच्या जाळीवर तिचा गोल तुकडा लावला तर टोचणारा भाग खाली येतो. पूर्ण झाकण्याऐवजी अर्धी जाळी झाकली तर परिणामही निम्म्याकडे येतो. मागच्या भोकावर एक थर लावला तर खर्ज किंचित आवरतो, दोन थर लावले तर आणखी. चिकट प्लास्टिकची टेप मात्र हवा अजिबात जाऊ देत नाही. ती भोक बंद करायला वापरावी, आवरायला नाही. हा फरक न समजल्याने पुष्कळ प्रयोग फसतात.

नळकांड्यात बसवायला तयार डॅम्परही मिळतात. हे बारीक जाळीचे इवलेसे तुकडे, हवेला किती अडथळा करतात त्यानुसार त्यांना आकडे दिलेले: ६८०, १०००, १५००, २२०० वगैरे. आकडा वाढला की अडथळा वाढला. याचं एकक 'अकूस्टिक ओहम'. विजेच्या ओहमशी त्याचं नातं फक्त कल्पनेचं: तिथे प्रवाहाला अडवणं, इथे हवेला. डॅम्पर नसेल तर फोमचा कापलेला दाणा किंवा चहाच्या पिशवीचा कोरा कागदही चालतो. फक्त तो घट्ट बसला पाहिजे आणि त्याच्या कानाकडच्या बाजूला जाळी असलीच पाहिजे. सुटा तुकडा कानाच्या नळीत जाऊन अडकला तर तो काढायला डॉक्टर लागतो. या बाबतीत तडजोड नको.

या सगळ्या कामात एक शिस्त मी कटाक्षाने पाळतो. एका वेळी एकच बदल, आणि तोही आधी एकाच बाजूला. दुसरी बाजू जशीच्या तशी ठेवायची. ती साक्षीदार. मग दोन्ही इअरफोन आळीपाळीने एकाच कानात घालून ऐकायचे. आपली आवाजाची आठवण फार कच्ची असते. पाच मिनिटांपूर्वी कसं वाजत होतं हे आठवतंय असं वाटतं, पण खरं तर मन ते नव्याने रचत असतं. हातात साक्षीदार असला की मनाला रचायला जागा राहत नाही.

दुसरी फसवणूक आवाजाच्या पातळीची. एक डेसिबलने मोठं वाजणारं काहीही आपल्याला 'जास्त स्पष्ट' वाटतं. टेप लावल्यावर एकूण आवाज थोडा खाली येतो आणि तेवढ्यावरून 'जीव गेला' असा निकाल देऊन लोक टेप उपटून टाकतात. तुलना करण्याआधी दोन्हींची पातळी सारखी करून घ्यावी, निदान कानाने तरी.

पहिला इअरबड स्वतःच्या हाताने

शून्यापासून काही घडवायचं असेल तर सुरुवात इअरबडने करावी असं मी ठामपणे सांगेन. सुटे भाग मोजके, कवच उघडता-मिटता येणारं आणि हवेची वागणूक समजायला सोपी. सेनहायझरच्या एमएक्स ५०० या जुन्या मॉडेलचं कवच छंद करणाऱ्यांत इतकं रुळलं की त्या आकाराची कवचं, त्यात बसणारे ड्रायव्हर आणि फोम हे सगळं सुटं मिळतं. ड्रायव्हर ३२ ओहमचा घ्यावा. तो फोनवरही पुरेसा वाजतो. १५०, ३०० ओहमचेही मिळतात, पण ते नीट वाजायला जोरदार अॅम्प्लिफायर लागतो. जमलं तर दोनऐवजी चार-सहा ड्रायव्हर घ्या, एकामागून एक ऐका आणि एकमेकांशी जुळणारी जोडी निवडा. डावा-उजवा जुळला नाही तर गायक डोक्याच्या मधोमध उभा राहत नाही, आणि त्यावर पुढे कोणतीही टेप चालत नाही.

तारेत बहुधा केसासारखे पुष्कळ धागे असतात आणि प्रत्येक धाग्यावर इनॅमलचा पातळ लेप असतो. तो लेप उतरल्याशिवाय डाख धरत नाही. सोल्डरिंग आयर्नवर कथलाचा वितळलेला थेंब घ्या, तापमान ३८० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा आणि तारेचं टोक त्या थेंबात दोन-तीन सेकंद बुडवून धरा. लेप जळून टोक चकचकीत होतं. मग तापमान ३२० ते ३५० वर आणा. ड्रायव्हरच्या पाठीवर दोन इवल्या पट्ट्या असतात आणि गुंडाळीची केसासारखी तारही त्याच पट्ट्यांवर टेकलेली असते. तिथे आयर्न रेंगाळलं की ती तार सुटते आणि ड्रायव्हर कायमचा मुका होतो. माझे पहिले दोन ड्रायव्हर असेच गेले. तेव्हापासून मी तारेच्या टोकाला आधीच डाख लावून ठेवतो, पट्टीवर टेकवतो, मनात 'एक' म्हणतो आणि आयर्न उचलतो.

आणखी एक गोष्ट अनुभवावाचून लक्षात येत नाही. ड्रायव्हरचं चुंबक आयर्नचं टोक आणि लोखंडी चिमटा खेचून घेतं. हात बेसावध असेल तर चिमटा थेट पडद्यात घुसतो. चिमटा प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा घ्या, ड्रायव्हर मेजावर नीट रोवून ठेवा, आणि आजूबाजूला लोखंडाचा कीस अजिबात नको. डाखाचा धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा, काम झालं की हात धुवा.

तार कवचाच्या मानेतून ओवून घेतल्यावर आत तिची गाठ मारायला विसरू नका. डाख ओढ सहन करत नाही, गाठ करते. मी सांगतोय म्हणून नव्हे, तर एकदा डाख देऊन झाल्यावर तार ओवायची राहिल्याचं लक्षात आलं की सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून कामाचा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा: मान, गाठ, डाख.

प्लगच्या बाजूला साध्या साडेतीन मिलिमीटरच्या प्लगवर तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्याचं आणि मुळाकडचा भाग दोघांचा सामाईक परतीचा. जोडणी झाली की कानात घालण्याआधी मल्टिमीटर लावा. टोक ते मूळ आणि कडं ते मूळ दोन्हीकडे ३२ च्या जवळपास आकडा यायला हवा, टोक ते कडं साधारण दुप्पट. शून्य आलं तर कुठेतरी तारा चिकटल्या आहेत. काहीच आलं नाही तर कुठेतरी तुटलं आहे. साडेचार मिलिमीटरच्या जवळपासचे, म्हणजे ४.४ चे बॅलन्स्ड प्लग वापरायचे असतील तर लक्षात ठेवा की तिथे दोन्ही कानांच्या परतीच्या तारा वेगवेगळ्या असतात. त्या एकत्र जोडल्या तर अॅम्प्लिफायरला इजा होऊ शकते.

मल्टिमीटर एक चूक पकडत नाही: एका बाजूची धन आणि ऋण तार उलटी लागणं. दोन्ही बाजू वाजतात, पण एकीचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो. एकाच माणसाचं साधं, मोनो बोलणं लावून बघा. जोडणी बरोबर असेल तर बोलणारा कपाळामागे मधोमध ठामपणे उभा राहतो. उलटी असेल तर तो डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो, कुठे आहे तेच कळत नाही, आणि खर्ज विरल्यासारखा होतो. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी आठवडाभर फोम आणि टेप बदलत बसलो होतो. दोष दोन तारांच्या अदलाबदलीत होता.

चिमुकल्या पेट्या आणि रेझिन

इन-इअरकडे वळलं की दुसऱ्या प्रकारचा ड्रायव्हर भेटतो: बॅलन्स्ड आर्मेचर. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी धातूची पेटी. आत चुंबकांच्या मधोमध एक धातूची पट्टी तोललेली असते, भोवती गुंडाळी. पट्टी थरथरली की एका काडीने जोडलेला पडदा हलतो. नोल्स ही १९४६ साली सुरू झालेली कंपनी यातलं मोठं नाव. तिचा बराच माल श्रवणयंत्रांसाठी तयार होत आला आहे. कमी विजेवर हा ड्रायव्हर मोठा वाजतो, पण एकट्याने सगळे सूर सांभाळणं त्याला जड जातं, म्हणून दोन, तीन, चार पेट्या वाटणी करून लावतात.

वाटणी करायला क्रॉसओव्हर लागतो, आणि त्याचं सर्वांत साधं रूप म्हणजे वरच्या सुरांच्या ड्रायव्हरला एक कपॅसिटर ओळीत जोडणं. १६ ओहमच्या ड्रायव्हरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर सुमारे १,००० हर्ट्झच्या खालचे सूर हळूहळू कमी होत जातात. हे झालं कागदावरचं गणित. या पेट्यांचा विजेला होणारा अडथळा, म्हणजे ओहम, सुराप्रमाणे बदलतो, त्यामुळे गणित सुरुवातीला दिशा दाखवतं आणि पुढचा निर्णय ऐकून घ्यावा लागतो. याच कारणाने एकच बहु-ड्रायव्हर इअरफोन दोन उपकरणांवर निराळा वाजतो. उपकरणाचा स्वतःचा अडथळा ड्रायव्हरच्या अडथळ्याच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा हा जुना आडाखा बरा आहे. तारा बदलून आवाज उजळल्याचं सांगतात त्यावर माझा फारसा विश्वास नाही. चांगली तार मऊ असते, कपड्यावर घासून खरखरत नाही, आणि तेवढ्यासाठी ती घ्यावी.

पेटीपासून नळकांड्याच्या टोकापर्यंतच्या बारीक नळ्या इथे निर्णायक ठरतात. नळी दोन मिलिमीटरने लांबवली की तिचा उंचवटा खाली सरकतो. डॅम्पर पेटीच्या जवळ ठेवला की एक आवाज, टोकाशी ठेवला की दुसरा. कानाच्या नळीचं जे गणित वर केलं तेच इथे छोट्या प्रमाणावर पुन्हा चालतं. म्हणून नळ्या आधी लांब कापा, ऐका, मग थोडं थोडं कमी करा. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही.

स्वतःच्या कानाच्या आकाराचं कवच हे या छंदाचं मोठं आकर्षण. त्यासाठी कानाचा ठसा लागतो, आणि तो ऑडिओलॉजिस्टकडूनच, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडूनच, घ्यावा. घरी कानात सिलिकॉन ओतण्याचा प्रयोग कुणीही करू नये. नळीत आधी अडसर ठेवला नसेल तर ते कानाच्या पडद्यापर्यंत जातं. ठसा हातात आल्यावर पुढचं काम घरी होऊ शकतं: ठशावर मेणाचा पातळ हात, त्यावरून साचा, साच्यात अतिनील प्रकाशाने कडक होणारं रेझिन. आता अनेकजण ठसा स्कॅन करून त्रिमितीय छपाई करतात. कच्चं रेझिन त्वचेला लागत राहिलं तर अंगावर पुरळ उठण्याची कायमची प्रवृत्ती जडू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालायचे आणि खोलीत वारा खेळता ठेवायचा. हवेच्या संपर्कात रेझिनचा वरचा थर चिकट राहतो. ग्लिसरीनमध्ये बुडवून प्रकाश दिला की तोही कडक होतो. अर्धवट कडक झालेलं कवच कानात घालू नये.

बिनतारी इअरफोन उघडण्याबद्दल मी उत्साह दाखवणार नाही. आत लिथियमची बॅटरी चिकटवलेली असते आणि ती टोचली गेली तर पेट घेऊ शकते.

मोजणं, ऐकणं, थांबणं

काही काळाने प्रत्येकाला मोजमाप करावंसं वाटतं, आणि ते चांगलं आहे. कानाच्या नळीसारखा पोकळ भाग असलेला कपलर, त्यात मायक्रोफोन, आणि रूम ईक्यू विझार्डसारखं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर कोणता सूर किती मोठा येतो याचा आलेख काढता येतो. कपलरचं प्रमाण माप आयईसी ६०३१८-४ या मानकात दिलं आहे. घरगुती साधनाचा आलेख दुसऱ्याच्या आलेखाशी ताडून बघण्यात अर्थ नाही. स्वतःच्याच आधीच्या आलेखाशी ताडला तर मात्र तो सोन्यासारखा. टेप लावण्याआधीची रेघ, नंतरची रेघ, डाव्याची आणि उजव्याची. टिप प्रत्येक वेळी सारख्याच खोलीवर बसवली नाही तर ८,००० च्या आसपासचा डोंगर सरकतो आणि बदल इअरफोनचा की बसवण्याचा हेच कळत नाही.

नवा इअरफोन शंभर तास वाजवून 'मोकळा' करावा लागतो असं म्हणतात. फोम दबतो, टिप ऊब मिळून कानाच्या आकाराची होते, आणि मेंदू नव्या सुरावळीला सरावतो. मला जाणवलेला बदल बहुतेक याच तीन गोष्टींचा आहे.

प्रयोग करताना आवाज नकळत वाढवत जायची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे ५ तासच उरतात. नव्या जोडणीची पहिली चाचणी कानात घालून कधीच करू नका. आवाज पार खाली, इअरफोन हातभर दूर, मग हळूहळू जवळ.

कवच कायमचं चिकटवायची घाई नको. मी तयार झालेली जोडी निदान आठवडाभर साध्या टेपने बांधून वापरतो. सकाळी ऐकतो, थकून आल्यावर ऐकतो, बोलणं ऐकतो, मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण ऐकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास काहीतरी खुपतं. मग पुन्हा उघडायचं, एका बाजूचा एक थर काढायचा आणि दोन्ही आळीपाळीने एकाच कानात घालून ऐकायचं. सगळं मनासारखं झालं की आत काय आहे ते एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून डबीत ठेवतो. आता वाजत असलेल्या जोडीच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: 'डावा: मागच्या भोकावर टेपचे दोन थर. उजवा: दोन थर, तिसरा अर्धा. कड्याचा फोम. जोडणी तपासली.' तो तिसरा अर्धा थर कापायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि त्यानंतर गायक डोक्याच्या मधोमध आला.